वरच्या इहिरीची हळद

आसेगाव,
२८ नोव्हेंबर १९४२

चि. उत्तमले आवडाचा आशीर्वाद.

खुशालीचं मंग लिहीन. आंधी हे सांग, वरची इहीर तू भगवंतरावले अंबाडी सडवाले देल्ली काय?

काल सकाळी घागर घेऊन खालच्या इहिरीवर गेली. दोर सोडला, घागर वर ओढली अन् नाकाले पदर लावा लागला. असा वास का पोटातलं बाहेर यावं. मले वाटलं कुत्रं-मांजर पडलं असन. तांड्यावरची रामीबाई सोबत होती, तिनं वाकून पाह्यलं. कुत्रं नाई, मांजर नाई. बेंडकं मरून उलटे तरंगून राह्यले. मंग आमी दोघी चढावर गेलो. पाहतो तं काय, भगवंतरावचे मानसं अंबाडीच्या पेंढ्या वरच्या इहिरीत टाकून राह्यले अन् त्याच्यावर गोटे. इहीर भरत आनली बाप्पा! मी म्हनलं, कोनाले इचारून? तं मुकादम म्हनते, मालकाले इचारून. तू कोन होये इचारनारी?

खरं हाये. वरचा तुकडा बाबानं तुह्या नावानं केला. मी रांडवली तवापासून खालचा मळा मी अन् आई पाहतो. वरची इहीर तुही, कबूल. पन पानी काय सातबारा पाहून वाहते?

गाव अंबाडी सडवते, मी नाई कायले म्हनू. दोरासाठी वाख काहाडाचा तं सडवाच लागते. पन ते नाल्यात, वाहत्या पान्यात. चार रोज नाक दाबतो, मंग धुऊन जाते. औंदा पाऊस दगा देऊन गेला, नाला दसऱ्यालेच कोरडा पडला, म्हनून काय इहिरीत सडवाचं? हे अक्कल कोनाची?

अन् तुले हळद याद नाई काय रे? बाबानं एका साली वरच्या इहिरीवर कढया मांडून हळद उकडली होती. उकाळ्याचं पानी समदं इहिरीत गेलं. चार रोजानं खालची इहीर पिवळी! बाया घागरी भरून हासत होत्या, अवघ्या गावाले हळद लागली म्हनून. बाबा हासला नाई. पारावर जाऊन त्यानं सांगतलं का ह्या दोन इहिरी एकाच झऱ्यावरच्या मायलेकी हायेत, आजपासून वरच्या इहिरीत माह्या घरचं कोनी खरकटा हात बी धुनार नाई. त्या शब्दावर गाव खालचं पानी पेऊन राह्यलं.

भगवंतरावले सांग, पेंढ्या काहाड. आज सांग. आईची तब्येत बरी हाये, तुही आठवन काहाडते.

आवडा

*

कारंजा,
४ डिसेंबर १९४२

तीर्थरूप बाईस उत्तमचा शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

पत्र पोचले. तुझा राग वाचला. विहीर मीच दिली. तुला आधी कळवायचे राहून गेले, हे माझे चुकले. अडतीवर दिवसभर उभे राहावे लागते, कागद हाती घ्यायला उसंत नसते.

पण बाई, जरा बाहेरचे जग बघ. लढाई चालू आहे. पलटणीला दोरखंड लागतात, त्याचा ठेका भगवंतरावांकडे आला आहे. नाल्यात पाणी नाही, तर त्यांनी अंबाडी सडवायची कुठे? वरची विहीर अशीही कोणी पीत नव्हते. महिना-दीड महिन्याचा प्रश्न आहे.

दोन विहिरींच्या मध्ये अख्खे वावर आहे, पांदण आहे, खाली काळा पाषाण आहे. पाणी काही पायांनी चालत नाही. खालच्या विहिरीला वास येतो तो पाणी उतरल्यामुळे आणि पालापाचोळा कुजल्यामुळे, असे भगवंतरावही म्हणाले. हळदीची गोष्ट मी लहानपणी शंभरदा ऐकली आहे. बाबांना गोष्ट रंगवून सांगायची सवय होती, हे तुलाही ठाऊक आहे.

सोबत लाल दवाईची पुडी पाठवतो. दवाखान्यात कॉलऱ्याच्या वेळी हीच देतात. विहिरीत टाक, दोन दिवस पाणी लाल दिसेल, मग निवळेल. बायामाणसांत उगीच गवगवा करू नको. आईला नमस्कार.

तुझा,
उत्तम

*

आसेगाव,
९ डिसेंबर १९४२

चि. उत्तमले आशीर्वाद.

तुही लाल दवाई टाकली. आंधी पानी सडकं होतं, आता लाल अन् सडकं हाये. वा रे डॉक्टर!

पानी पायानं चालत नाई म्हनतं? मंग बाबा वरच्या इहिरीवर मोट हाकलत होता तवा खालची इहीर कायले उतरत होती? तूच तं धावत येऊन सांगत होता, बाबा मोट थांबवा, खाली आईची घागर बुडत नाई. तो काळा पाषान तवा कुठी गेला होता? शिकला अन् भैताड झाला तू.

अठी काय चाललं ते आयक. खालच्या वस्तीत घरोघर पोरं हगवनीनं लोळून राह्यले. महारवाड्याची इहीर तं आनखी उतारावर, आपल्या इहिरीतली घान त्यांच्या पोटात जाते. त्यांच्यातले चार जन आले होते. मळ्याच्या बाहेर उभे राह्यले, आत आले नाई. म्हने, बाई, आमाले तुमच्या इहिरीवर तं चढू देत नाई, निदान आमच्या इहिरीत घान तं सोडू नका. काय सांगू मी त्याहीले? का माह्या भावानं परवानगी देल्ली?

मी पेयाचं पानी तांड्यावरून आनून राह्यली. चढावरची वाट, डोक्शावर दोन घागरी. रामीबाई अन् तिचा नवरा सोमला नाई म्हनत नाई, पन त्यांचा झरा तो केवढा, त्याले तांडाच पुरत नाई. मेथी-वांग्याले हेच सडकं पानी देतो. काल बाजारात एका बाईनं मेथीची जुडी हुंगली अन् परत टोपल्यात टाकली. आपल्या मळ्याची मेथी, उत्तम!

आडात तेच पोहऱ्यात येते. तू वर घान घातली, ते खाली निंगाली. याच्यात समजाले कठीन काय हाये? तू बोलत नसशीन तं मी बोलतो. एकवीस तारखेच्या सोमवारी गाव इहिरीवर बलावून राह्यली मी. भगवंतरावले बी बलावलं.

आवडा

*

कारंजा,
१५ डिसेंबर १९४२

तीर्थरूप बाईस सा. न. वि. वि.

गावकऱ्यांना बोलावलेस हे ऐकून पायाखालची जमीन सरकली. आता तुला सगळे सांगणे भाग आहे. आईला मी स्वतः येऊन सांगणार होतो.

आपल्या जगदेवची सोयरीक भगवंतरावांच्या मुलीशी ठरली आहे. कुंकू लागले, लग्न माघात. असे घर आपल्याला सात जन्मांत मिळाले नसते. त्यांनी विहीर मागितली ती बोलणी चालू असतानाच. मुलाचा बाप होऊन मी होणाऱ्या व्याह्याला एक पडीक विहीर नाही म्हणू? उद्या तेच म्हणतील, हे माळवं विकणारे, यांच्या घरी पोरगी काय द्यायची.

माघ होऊ दे. फाल्गुनात मी बैल घेऊन येतो आणि दोन्ही विहिरी उपसून देतो, माझा शब्द. तोवर आपलेच दात आपलेच ओठ समजून गप्प राहा. भगवंतराव तसे सज्जन आहेत, पण चारचौघांत पाणउतारा कोणी सहन करणार नाही. तुझ्या एका बोलण्याने पोराचे लग्न मोडेल.

राग येईल, पण लिहितो. तुला जगदेवचे लग्न डोळ्यांत खुपते आहे का? तुझा संसार देवाने मोडला, त्यात जगदेवचा काय दोष?

आईला ही बातमी सांग, तिचा जीव सुखावेल. तिने नातवाच्या लग्नासाठी हळदीची गोणी राखून ठेवली आहे ना? ती कुटून ठेवा. बाहेरची हळद लावायची नाही, असे ती नेहमी म्हणते.

उत्तम

*

आसेगाव,
२४ डिसेंबर १९४२

उत्तम,

घरचं झालं थोडं अन् याह्यानं धाडलं घोडं! आता समजलं इहीर कायले भरली ते. पोराच्या कुकवासाठी गावाचं पानी देल्लं तू.

जगदेवचं लग्न माह्या डोळ्यात खुपते म्हनतं? तुही बायको बाळंतपनात अंथरुनाले खिळली होती तवा त्याले मांडीवर कोन घेत होतं रे? त्याच्या पाळन्याची दोरी माह्या हातात होती. ते वाक्य मी दोनदा वाचलं, मंग चूल पेटवाची होती तं त्या कागदानं पेटवली. तुह्या लिहिन्याचा तेवढा उपेग झाला.

आता सोमवारचं आयक.

गाव जमलं होतं. भगवंतराव छत्री घेऊन आले. मी घागर ओढून त्याहीच्या पुढं ठेवली. म्हनलं, याही, हे घ्या, तुमच्या अंबाडीचं पानी. ते म्हनते, इहिरीचा मालक उत्तमराव, त्याची हरकत नाई, तू बाईमानूस कायले मधात पडतं? लोक गप. कोनाचं पोरगं त्याहीच्या कामावर, कोनाची गाडी त्याहीच्या भाड्यावर. पन मांगून बाया बोलाले लागल्या होत्या. खालच्या वस्तीतल्या सोजरबाईचा नातू दोन रोजापासून डोळे उघडत नाई, ते तं रडूनच बोलली. अजून जराक वेळ असता तं लोक उठले असते, मी सांगतो तुले.

तेवढ्यात आई आली.

काठी टेकत टेकत आली. मी इचार केला, बुढी आता भगवंतरावले बाबाच्या शब्दाची याद देईन. तिनं माह्याकडं पाह्यलं बी नाई. घागरीतून गडू भरला, वर धरला अन् गटागट पेली. अख्खा गडू. तोंड पुसलं अन् म्हनते, "माह्या लेकानं परवानगी देल्ली हाये. लेक काय मायले जहर देईन? पानी चांगलं हाये. जा घरी समदे."

मंग भगवंतराव आईच्या पाया पडले. लोक उठून गेले.

घरी येऊन मी तिच्यावर अशी बरसली, देवा! म्हनलं, आई, तुले वास येत नाई काय? तं म्हने, येते. मंग कायले पेली? तं म्हने, "जगदेवचं लग्न पाहाचं हाये मले. अन् मी नाई पेली तं लोक म्हनतीन, गिरजाबाईचा लेक खोटा." तवापासून तांड्याचं पानी तोंडाले लावत नाई. म्हनते, लोक पाहून राह्यले, मी घरात दुसरं पानी पेली हे लपत नाई. म्या हात जोडले, पाय धरले. बुढी आयकत नाई. तिची जिद्द तुले मालूम हाये.

तिचा निरोप तुह्यासाठी, तिच्याच शब्दात लिहितो: "उत्तमले सांग, काही फिकर करू नोको. मी हाये अठी. हळद कुटाले घेतली."

तिले तू सांग. माह्या सांगन्यानं ते आयकनार नाई, तुह्या एका ओळीनं आयकन. लिही का आई, ते पानी पेऊ नोको. एवढंच लिही. बाकी समदं मी माफ करतो.

आवडा

*

कारंजा,
३० डिसेंबर १९४२

तीर्थरूप बाईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून ऊर भरून आला. आई ती आई! एका गडूत सगळ्यांची तोंडे बंद केली. भगवंतराव परवा अडतीवर आले होते. चार माणसांत म्हणाले, अशा माउलीच्या घरी मुलगी जाते हे आमचे भाग्य.

आणि बाई, मला सांग, पाणी खरेच वाईट असते तर आई एवढ्या दिवसांत आजारी पडली नसती का? तू लिहिलेस ते वाचून मलाच हायसे वाटले. आईला कळत नाही असे थोडेच आहे? तिने उभा जन्म त्या विहिरीवर काढला.

सोबत आईसाठी लुगडे पाठवतो. लग्नात नेसायचे आहे म्हणून सांग. जगदेव आजीची फार आठवण काढतो. तिला म्हणावे, तुझ्यासारखी तूच.

उत्तम

*

(कोपरा फाडलेलं कार्ड)

आसेगाव,
४ जानेवारी १९४३

उत्तम,

आई काल दुपारी गेली. हगवन होती. आठ रोजापासून होती, तिनं मले बी सांगतलं नाई, पदराआड लपवत होती. उठवत नव्हतं तवा समजलं. वैद्य आनला. तो म्हने पानी बदला. तिनं दात आवळून घेतले.

तुही चिठ्ठी अन् लुगडं काल सकाळी आलं. चिठ्ठी तिले वाचून दाखवली. हासली. लुगडं तिच्या अंगावर घातलं, त्याच्यातच नेली.

तोंडात पानी लेकानं घालाचं असते. तू नव्हता, मी घातलं. तांड्यावरचं होतं. ते तिच्या गळ्याखाली उतरलं नाई.

दहावा मंगळवारी.

आवडा

*

कारंजा,
७ जानेवारी १९४३

तीर्थरूप बाईस सा. न.

कार्ड आज अडतीवर हातात पडले. आई गेली. एवढी पुण्यवान माउली, मुंगीचाही जीव न दुखवणारी. तिच्यासारखी बाई पंचक्रोशीत झाली नाही. मला शेवटचे तोंड दिसले नाही, हे दुःख मला जन्मभर पुरेल.

पण बाई, आपण मन घट्ट केले पाहिजे. तिचे वय झाले होते. थंडीचे दिवस, या दिवसांत म्हातारी माणसे जातातच. दहाव्याला मी आणि जगदेव येतो. भगवंतरावही येतील, तेव्हा एक हात जोडून विनंती आहे. आईच्या दुखण्याचा आणि विहिरीचा संबंध कोणाजवळ जोडू नको. गेलेले माणूस परत येत नाही. लग्न आता पुढे ढकलले तर तीन वर्षे अडेल, म्हणून माघातच साधेपणाने उरकू असे ते म्हणतात. आईचीही तीच इच्छा होती.

हळदीची गोणी नीट ठेव. तिच्या हातची ती शेवटची हळद.

उत्तम

*

आसेगाव,
१० जानेवारी १९४३

उत्तमराव,

हे चिठ्ठी सोमलाच्या हातानं धाडून राह्यली, तो गाडी घेऊन कारंज्याले निंगाला. टपालाची वाट पाहाले वेळ नाई.

तुही चिठ्ठी वाचली. मेल्या म्हशीले मनभर दूध! जित्ती होती तवा तुले एक ओळ लिहाले झाली नाई, आता माउली अन् पुण्यवान अन् पंचक्रोशी. वय झालं होतं म्हनतं? वय तं बाबाचं बी झालं होतं, तो पानी पेऊन मेला नाई.

हळदीची गोणी नीट ठेव म्हनतं. तं आयक गोणीचं काय झालं ते.

राख सावडून आली त्या रोजी आईची कढई काहाडली. गोणी ओढत वरच्या इहिरीवर नेली. रामीबाईनं काट्या आनल्या. सोजरबाई आली, तिचा नातू वाचला नाई, तुले मालूम नसन. आमी तिघीनं हळद उकडली, जेवढी होती तेवढी, अर्धी आईनं कुटलेली अन् अर्धे हळकुंडं. कढईवर कढई उतरवली अन् तुह्या इहिरीत ओतली. पेंढ्याइच्या मधातून खाली जाऊ देल्ली.

भगवंतरावचा मुकादम बोंबलत आला. सुतकात, रांडमुंड बाईनं, लग्नाच्या हळदीले हात लावला म्हनून. गावातले बुढे बी आले, तोंडात बोटं घालून. मी म्हनलं, हो, लावला. जगदेवच्या लग्नाची हळद हाये, आईच्या हातची. लग्नाले नाई लागली तं गावाले लागू द्या. आता समदे घरी जा अन् खालच्या इहिरीवर ध्यान ठेवा.

दोन रोज काही झालं नाई. लोक माह्याकडं पाहून हासले. आवडा येडी झाली, मायच्या दुखानं डोक्शावर परिनाम झाला म्हने. रात्री मले बी वाटलं का तुह्या पाषानाचं खरं असन.

तिसऱ्या रोजी सकाळी महारवाड्यातून हाक आली. बाई, पाहा म्हने. त्यांच्यात अजून नव्हतं आलं, ते आपल्या इहिरीतून मळ्यात येनाऱ्या पाटाकडं हात दाखवून राह्यले होते. मी घागर सोडली, वर ओढली.

पिवळी, उत्तमराव! जराक फिकी, पन पिवळी. एकानं पांढऱ्या धोतराचा सोगा बुडवला तं सोगा पिवळा. आता तूच सांग पानी चालते का नाई. पायानं चालते का कशानं चालते ते तूच सांग, तू शिकला.

औंदा कोनी हासलं नाई. बाया घागरी तिथंच उलट्या करून घरी गेल्या. तेवढ्यात तुही चिठ्ठी आली, गोणी नीट ठेव म्हनून.

मंगळवारी ये. लेक हायेस, तिळांजली तूच द्याची. पन येतानी पानी घरून आन. आंघोळीचं, पिंडाचं, पेयाचं, समदं. सोमलाच्या गाडीत रिकामं पिंप हाये, भरून घे. माह्या मळ्यात तुले पाजाले पानी नाई.

आवडा

*

कारंजा,
२६ जानेवारी १९४३

बाई,

नमस्कार.

चार कागद फाडले. अडतीवरची भाषा या कागदावर चालत नाही. तुह्याशी जसं बोलतो तसंच लिहितो.

त्या मंगळवारी तू माह्याशी एक शब्द बोलली नाई. मी पिंपातल्या पान्यानं आंघोळ केली, आईले तिळांजली देल्ली. तवापरेंत पिंप सरलं. घसा कोरडा पडला होता, अन् माह्या बापाच्या गावात मी कोनाच्या दारात पानी मागाले जाऊ शकलो नाई. सोजरबाईच्या घरावरून गेलो तं ते दार लावून घेत होती.

मंग मी वर गेलो. तुले लोकाईनं सांगतलं असन, पन माह्या तोंडून आयक. इहिरीत वाकून पाह्यलं. पेंढ्याइच्या कडंनं पिवळं होतं. बाई, मी खोटं बोललो होतो. हळदीची ते सकाळ मले चांगली याद होती. त्या दिवशी बाबा पारावरून घरी आला अन् जेवला नाई, ते बी याद होतं. इहीर देल्ली तवा बी याद होतं. मले वाटलं, महिन्याभरात काय होते.

भगवंतराव मांगं येऊन उभे राह्यले. म्हनले, उत्तमराव, मानसं पाहून राह्यले, चला. अन् एक बी पेंढी बाहेर निंगाली तं सोयरीक मोडली समजा. मी उभाच राह्यलो, बाई. तवा बी उभाच राह्यलो. जगदेवनं सदरा काढला अन् उतरला. त्यानं पयली पेंढी ओढली, ते माह्या पायाशी येऊन पडली, अन् तो वास! तो वास आईच्या तोंडात गेला होता. मंग मी उतरलो.

सोयरीक मोडली. काल निरोप आला. कारंज्यात लोक माह्याकडं पाहून कुजबुजतात. घरात बायको बोलत नाई. जगदेव म्हनते, बरं झालं, अशा हळदीचं लग्न मले नको होतं.

बैल अन् मोट घेऊन त्याले तिकडं धाडून राह्यलो, दोन्ही इहिरी उपसाले. महारवाड्याची बी. मी येऊ काय? पानी कसं हाये आता? तुह्या मनातला राग गेला काय?

उत्तम

*

आसेगाव,
२८ एप्रिल १९४३

उत्तम,

उशिरानं लिहून राह्यली. काम होतं.

जगदेव चांगला पोरगा निंगाला. तुह्यावर गेला नाई, आजीवर गेला. वरची इहीर उपसली, काळा गाळ निंगाला, तो आमी दूरच्या खदानीत नेऊन टाकला, इकडंतिकडं नाई. खालची दोनदा उपसली. महारवाड्याच्या इहिरीवर मोट नेली तं गावातले काही लोक बडबडले, आपले बैल तठी कायले म्हनून. जगदेवनं त्याहीले इचारलं, घान तठी गेली तवा कोनाचे बैल होते? मंग मोट चालली. पन आपल्या इहिरीवर त्याहीले अजून कोनी चढू देत नाई. घान उतरू देतेत, मानसं चढू देत नाई. हे बी लिहून ठेवतो, तुह्या कारंज्यात कोनी शिकलेलं असन तं त्याले इचारजो.

भगवंतरावनं औंदाच्या पेंढ्या दुसऱ्या गावी नेल्या. तठीही एखादा उत्तमराव भेटलाच असन.

पानी बुडाशी गेलं. अर्धी घागर भराले दोर पुरत नाई. मळा समदा वाळला, वांग्याच्या काट्या उभ्या हायेत फक्त. पन वास गेला. मांगच्या आठवड्यात इहिरीत बेंडकं बोलले. रामीबाई म्हने, आता पेयाले हरकत नाई. लोकाईनं हळू हळू चालू केलं. मी अजून पेली नाई.

राग गेला काय इचारतं? नाई गेला. तू इहिरीत उतरला, बरं केलं. पन उतरला ते पोराच्या मांगं. अन् आईले एक ओळ लिहाली नाई ते नाईच. मी बसल्या जागी बी त्या ओळीचा इचार करतो, काय लिहाचं होतं त्याच्यात? आई, ते पानी पेऊ नोको. एवढंच.

आता काम सांगतो. आखाजी आली. आईच्या नावाची पयली घागर भरा लागते, तू लेक, तुह्याच हातानं. तिले उन्हाळ्यात तहान लय लागत होती. औंदा पिंप आनू नोको. घागर मी खालच्या इहिरीतून भरून ठेवतो.

पन घागर पुजाच्या आंधी गाव बलावीन मी इहिरीवर, तवा बलावलं होतं तसंच. सोजरबाई राहीन, महारवाड्याचे लोक राहतीन. त्या समद्याइच्या पुढं, आई उभी होती त्याच जागी उभं राहून, त्या पान्याचा पयला गडू तू पेजो. अख्खा.

लोक म्हनतेत पानी चांगलं हाये. आई बी तसंच म्हनत होती.

आवडा